सॅटेलाइट असताना चुंबकीय नकाशासाठी अजून विमानं कशाला उडवतात?

भटकं_होकायंत्र:
मंडळी, भूशास्त्र माझा विषय नाही, हौस म्हणून वाचतो. जगाचा तो चुंबकीय विसंगतींचा (म्हणजे क्षेत्र अपेक्षेपेक्षा जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा) नकाशा असतो ना, तो बघत बसलो होतो आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. ईसाचे, म्हणजे युरोपीय अंतराळ संस्थेचे, स्वार्म नावाचे तीन सॅटेलाइट २०१३ पासून वर फिरतायत आणि खालच्या खडकांचं चुंबकत्व मोजतायत, बरोबर? मग अजून विमानाला मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) लावून शेत नांगरल्यासारखं मागेपुढे का उडवतात? दुसरं म्हणजे पृथ्वीचं मुख्य क्षेत्र एवढं मोठं, त्यातून खडकांचं तेवढं वेगळं कसं काय काढतात? आणि लाल म्हणजे तिथे लोखंड जास्त असं समजायचं का? जरा सोप्या भाषेत सांगा, गणित चालेल पण थोडंच.

खडकू:
पहिला मुद्दा उंचीचा. जमिनीवर पृथ्वीचं एकूण क्षेत्र जागेनुसार साधारण २५ हजार ते ६५ हजार नॅनोटेस्ला (क्षेत्राची ताकद मोजायचं एकक) असतं, आणि सॅटेलाइटच्या उंचीवर कवचाचा, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या खडकाळ थराचा, त्यातला वाटा बहुतेक ठिकाणी दहा-वीस नॅनोटेस्लाच्या आतबाहेर. पण नुसता कमकुवत असता तरी चाललं असतं, खरी गोची अशी आहे की लहान तपशील मोठ्या तपशिलापेक्षा कितीतरी वेगाने मरतात. नकाशावर एक लाल आणि एक निळा मिळून जेवढी लांबी होते तिला तरंगलांबी धरा. ४०० किमी तरंगलांबीचा नमुना ४०० किमी वर, म्हणजे साधारण सॅटेलाइटच्या उंचीला, गेल्यावर साधारण ५०० पटीने कमी होतो, ते अजून पकडता येतं. तेच १०० किमीचा नमुना त्याच उंचीवर आठ हजार कोटी पटींनी कमी होतो, म्हणजे संपलाच की, कितीही भारी सेन्सर लावा. म्हणून चॅम्प सॅटेलाइट, तो २००० ते २०१० होता, त्याची शेवटच्या काळातली ३०० किमीच्या आसपास उतरल्यावरची मोजमापं लोक अजून जपून वापरतात. तीही फार तर अडीचशे-तीनशे किमीचे नमुने नीट दाखवतात.

आता वेगळं कसं काढतात. मुख्य क्षेत्र पृथ्वीच्या गाभ्यात तयार होतं, आणि गाभा जवळजवळ २९०० किमी खाली आहे, त्यामुळे त्याचे बारीक नमुने वर येईपर्यंत पुसले जातात आणि वर फक्त लांबच लांब पट्ट्याचं क्षेत्र उरतं. साधारण ३००० किमीपेक्षा मोठं काही दिसलं तर ते गाभ्याचं धरतात, त्याहून बऱ्यापैकी लहान असेल तर कवचाचं. यात एक तोटा आहे जो कोणी फारसा सांगत नाही, कवचाचा स्वतःचा खंडाएवढा मोठा नमुना असेल तर तो गाभ्याच्या खाली कायमचा झाकला जातो, तो नकाशात नाहीच.

शिवाय वरून आयनोस्फिअरमधल्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या) विजेच्या प्रवाहांचा गोंगाट असतो. म्हणून रात्रीचा आणि शांत दिवसांचाच डेटा घेतात. स्वार्मचे दोन सॅटेलाइट शेजारी शेजारी उडतात त्याचं एक कारण हेच, दोघांच्या आकड्यांतला फरक घेतला की दोघांना सारखाच लागणारा दूरचा गोंगाट बराचसा निघून जातो.

टायलाइन:
मी एअरबोर्न सर्व्हेचा डेटा प्रोसेस करतो त्यामुळे विमानाच्या बाजूने बोलतो. खनिज शोधणाऱ्याला २०० मीटर रुंदीची डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या खडकाची भिंत) दिसायला हवी असते, त्याला अडीचशे किमीचा नमुना घेऊन काय करायचंय! म्हणून जमिनीपासून ८०-१०० मीटर उंचीवर, ओळींमध्ये २०० ते ४०० मीटर अंतर ठेवून उडायचं, आणि आडव्या टाय लाइन वेगळ्या, म्हणजे जिथे ओळी एकमेकींना छेदतात तिथे आकडे जुळतायत का बघता येतं. सेन्सर शेपटीमागच्या लांब दांडीवर असतो कारण विमान स्वतःच एक चुंबक आहे, वळलं-कललं की आकडा हलतो, ते वेगळं काढावं लागतं. खाली जमिनीवर एक बेस स्टेशन दिवसभर चालू असतं, सूर्यामुळे क्षेत्र रोज पन्नासेक नॅनोटेस्लाने वरखाली होऊ शकतं ते वजा करायला. आणि चुंबकीय वादळ आलं की उड्डाण बंद, पायलट वैतागतो.

पण विमानाचं दुखणं मोठ्या नमुन्यात आहे. प्रत्येक सर्व्हे वेगळ्या वर्षी, वेगळ्या उंचीवर, वेगळी शून्य पातळी धरून झालेला. साठच्या दशकातला तुकडा आणि नव्वदच्या दशकातला तुकडा शेजारी ठेवले की मध्ये सरळ रेषेत पायरी दिसते, आणि निसर्ग अशा रेषा काढत नाही राव, देशांच्या सीमा काढतात. हे तुकडे एका पातळीवर आणायला सॅटेलाइटचा लांब तरंगलांबीचा नकाशा लागतो. माझ्या मते सॅटेलाइटचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, बाकी 'अंतराळातून खनिजांचा शोध' वगैरे मथळे सोडून द्या.

आणि मधे एक भोक राहतंच. साधारण दीडशे ते तीनशे किमीच्या पट्ट्यात विमानांचे जोडलेले तुकडे भरवशाचे नाहीत आणि सॅटेलाइटही पोचत नाही. त्या पट्ट्यावरून कोणी फार ठाम अर्थ काढत असेल तर जरा जपून.

काळाबेसाल्ट:
तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. लाल म्हणजे लोखंड नाही! मुख्यतः मॅग्नेटाइट (जोरदार चुंबकीय असलेलं लोहखनिज) बघतोय आपण, आणि तेही ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की चुंबकत्व जातं, म्हणून खंडांखाली साधारण वीस ते पन्नास किमीच्या पलीकडचं काही दिसतच नाही. हेमॅटाइट या कमी चुंबकीय लोहखनिजाचा चांगला साठा असूनही नकाशा फिका असू शकतो. कुर्स्कला मात्र गणित जुळतं, तिथे लोहखनिज आहे आणि रशियातली ती विसंगती जगातल्या सर्वात जोरदार विसंगतींपैकी एक आहे.

त्यात आणखी एक गंमत, चुंबकीय विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं क्षेत्र आडवं असतं, त्यामुळे चुंबकीय खडकाच्या बरोबर वर उलट निळा खड्डा येतो. मध्य आफ्रिकेतली बांगुई विसंगती बघा, सॅटेलाइटवरूनही ठळक दिसते, मध्यभागी निळी, आणि तिचं कारण उल्कापात की खोलवरची जुनी भूरचना यावर अजून एकमत नाही. ज्या खडकात जुन्या काळच्या क्षेत्राची दिशा गोठलेली असते तिथे तर रंगावरून काहीच सांगता येत नाही.

उल्केवरून आठवलं, मेक्सिकोतलं चिक्शुलुबचं उल्काविवर पेमेक्स या तेलकंपनीच्या विमानी चुंबकीय सर्व्हेच्या डेटात सापडलं, ग्लेन पेनफील्डला १९७८ मध्ये त्यात अर्धवर्तुळ दिसलं. शोधत होते तेल.

भटकं_होकायंत्र:
जबरदस्त, धन्यवाद सगळ्यांना. आता एकच शंका. ईमॅग२ नावाचा जगाचा चुंबकीय नकाशा उघडलाय, त्यात समुद्रतळावर मधल्या डोंगररांगेच्या दोन्ही बाजूंना पट्टे दिसतात, ते पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटल्यामुळे हे माहीत होतं. पण दक्षिणेकडच्या समुद्रात काही ठिकाणी पट्टे फारच गुळगुळीत आहेत. तिथे जहाजं इतकी फिरली?

टायलाइन:
नाही फिरली, म्हणून तर गुळगुळीत आहेत. २००९ च्या आवृत्तीत जिथे मोजमाप नव्हतं तिथे समुद्रतळाच्या वयाचा नकाशा घेऊन, वय सारखं असेल त्या दिशेने आकडे ओढून जागा भरली होती. दिसायला छान, पण ते निरीक्षण नाही, अंदाज आहे. आणि लोक त्यावरच 'बघा पट्टे किती सुंदर जुळतात' म्हणून सिद्धांत तपासतात, म्हणजे जे आत घातलं तेच बाहेर काढायचं. तिसरी आवृत्ती घ्या, त्यात वयाच्या नकाशावरून भरायचं बंद केलंय. समुद्रसपाटीवरच्या ग्रिडमध्ये (म्हणजे नकाशाच्या आकड्यांच्या जाळीत) डेटा नाही तिथे सरळ कोरी जागा आहे, नकाशा भोकाभोकांचा दिसतो. तोच वापरा.

काळाबेसाल्ट:
आणि ग्रिड उघडताना उंची कुठली ते आधी बघून घ्या, ४ किमीवरचा आणि समुद्रसपाटीचा असे दोन असतात. एकमेकांत मिसळलेत तर मग पुढचा धागा 'माझे आकडे जुळत नाहीत' असाच येणार.