मदत हवी आहे: प्रौढांना पेपरवरून वाचायला कसं शिकवताय?

गावातल्या प्रौढांच्या वर्गात मी पेपर वापरतेय, कारण लहान मुलांची पुस्तकं दिली की मोठी माणसं ओशाळतात. हेडलाइन जमतात, एका मावशींनी बोट ठेवून 'पाऊस' वाचलं आणि मग अख्ख्या पानावर पाऊसच शोधत बसल्या, मला अगदी भरून आलं. पण खालची बातमी आली की बारीक टाइप, जोडाक्षरं, लांबलचक वाक्यं, सगळे गप्प. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरेंनी १९६३ साली ब्राझीलमध्ये मजुरांना त्यांच्याच रोजच्या शब्दांवरून शिकवलं होतं, तसं बातम्यांतले शब्द निवडून करायचंय. कुणी बातमी सोपी करून मोठ्या अक्षरात लिहून दिलीये का? जोडाक्षरं कधी सुरू केलीत? आणि जवळचं नीट दिसत नाही पण सांगायला लाजतात, त्यांचं काय करता?