हातमोजे वाटले म्हणजे लोकसहभाग झाला का?

खाडीकाठ:
'समुद्र वाचवायचा तर गर्दी लांब ठेवा' हा इथला परवाचा लेख वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. लेखकाचं म्हणणं असं की सामान्य माणसाला समुद्रातलं कळत नाही. त्याला अधूनमधून किनारा झाडायला बोलवावं आणि बाकीचं शास्त्रज्ञांवर व सरकारवर सोडावं.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं होडी चालवली. आमच्या किनाऱ्यावर धक्का बांधायचं ठरलं तेव्हा जनसुनावणी झाली. अहवाल सहाशे पानांचा, तोही आम्हाला न येणाऱ्या भाषेत. एकच प्रत, कचेरीत बसून वाचायची. सुनावणी भर हंगामात, सकाळी अकराला, म्हणजे सगळ्या होड्या पाण्यात असताना. वडील एक फेरी बुडवून गेले. त्यांचा प्रश्न साधा होता: वाळू वर्षभर किनाऱ्याला समांतर सरकत असते, तिच्या वाटेत भिंत घातली तर पलीकडच्या बाजूला वाळू येणार कुठून? तीन मिनिटं बोलू दिलं. इतिवृत्तात आलं, 'मच्छीमारांनी रोजगाराबाबत विचारणा केली.' तिसऱ्या पावसाळ्यात पलीकडची वाळू गेली. आता होड्या वर ओढायला जागा नाही.

आणि कळत नाही कुणाला? कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे लोक ऐंशीच्या दशकात ओरडून सांगत होते की कॉड मासा कमी झालाय, मिळतो तोही लहान. सरकारी आकडे मात्र खोल समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरना मासळी मिळतेय म्हणून निर्धास्त होते. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी तीन दशकं चालली.

भरतीरेषा:
लेख माझा आहे. ताई, तुमच्या वडिलांशी झालं ते वाईट झालं, त्यात वाद नाही. पण कॉडची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनीच चूक ओळखून कोटा मोठ्या प्रमाणात कापायला सांगितलं होतं. मंत्र्यांनी तेवढा कापला नाही, कारण लोकांच्या नोकऱ्या जाणार होत्या. लोकांचं ऐकलं की प्रत्येक वेळी मासा वाचतो असं नाही.

मी हे चिडून लिहिलं त्याला कारण आहे. ज्या किनाऱ्यावर मी पक्ष्यांची नोंद ठेवतो तिथे गेल्या वर्षी दोनशे स्वयंसेवक उतरले. प्लास्टिक उचललं ते ठीक. पण भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाची पूर्ण रेघ फावड्यांनी ओढून पोत्यांत भरली. चिखल्याची तीन घरटी माझ्या नोंदीत होती. घरटं म्हणजे काय, वाळूतला नुसता खळगा. संध्याकाळी गेलो तर दोन ठिकाणी बुटांचे ठसे आणि फुटलेली टरफलं. त्या लोकांचं मन साफ होतं हे मला माहीत आहे. अंडी फुटायची ती फुटलीच.

रविवारी सकाळी:
तो हातमोजेवाला मीच. म्हणजे तुमच्या किनाऱ्यावर नव्हतो, पण सहा वर्षं जवळपास प्रत्येक रविवारी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर वाकलेलो असतो. तुम्ही दोघं भांडता एकमेकांशी आणि चेष्टा मात्र आमची.

१९८६ मध्ये टेक्ससच्या किनाऱ्यावर दोन बायकांनी, लिंडा मरॅनिस आणि कॅथी ओहारा यांनी, पहिली मोहीम घेतली. लोकांनी कचरा उचलला आणि सोबतच्या कागदावर प्रत्येक वस्तू लिहूनही ठेवली. त्यातून आज जगभर चालणारी मोहीम उभी राहिली. वर्सोव्याला २०१५ मध्ये अफरोज शाह एका शेजाऱ्याला घेऊन सुरू झाले, तेव्हा कोणतं सरकार मदतीला आलं होतं? आणि शेवाळाबद्दल स्पष्ट सांगतो. कुजलं की मरणाचा वास येतो, माश्या घोंगावतात. लोक नाक दाबून परत जातात. ज्या किनाऱ्यावर लोक येतच नाहीत, त्याच्यासाठी उद्या कोण उभं राहणार?

उधाण:
शेवाळ म्हणजे कचरा नाही. नाही, नाही, नाही. किती वेळा लिहायचं?

त्या रेघेखाली उड्या मारणारे बारीक जीव राहतात, ते शेवाळ खातात, त्यांना पक्षी खातात. वाऱ्याने उडणारी वाळू तिथेच अडते आणि टेकडी धरायला लागते. कॅलिफोर्नियात ग्रुनियन नावाचा मासा वसंतात आणि उन्हाळ्यात उधाणाच्या रात्री लाटेबरोबर वाळूवर येऊन अंडी घालतो. पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, ती वाळूतच असतात. म्हणून तिथे त्या हंगामात किनारा विंचरणारी यंत्रं भरतीच्या रेषेखाली नेऊ नयेत असा दंडक आला. वास येतो म्हणून जंगलातला पाचोळा झाडता का?

रविवारी सकाळी:
पाचोळ्याची गोष्ट मला सांगू नका. त्याच शेवाळात काच दडलेली असते. माझ्या भाचीच्या तळव्याला चार टाके पडले आहेत. ती पाच वर्षांची आहे, तिला मी काय सांगू, की उड्या मारणाऱ्या किड्यांसाठी काच राहू द्यायची?

उधाण:
काच राहू द्या असं मी कुठे म्हटलं? हाताने वेचा. फावडं आणि ट्रॅक्टर नको. भाचीबद्दल वाईट वाटलं, पण तिच्या आडून ट्रॅक्टरची बाजू घेऊ नका.

रविवारी सकाळी:
ट्रॅक्टर मी आणला नाही! तो आणणारे वेगळे, फोटो काढणारे वेगळे, आणि शिव्या खाणारे आम्ही. एकदा आम्ही नव्वद पोती भरली. सकाळी गाडी येईल म्हणून आयोजकांनी ती वाळूवरच रचून ठेवली. रात्री भरती आली. सकाळी अर्धी पोती फाटून सगळं पुन्हा पाण्यात. मी तिथे बसून रडलो आहे. त्यानंतरही पुढच्या रविवारी गेलो.

जाळंविणकर:
शेवाळावर एवढं लिहिलंत, आता आमच्याकडे बघा. पॅसिफिकमधल्या कचऱ्याच्या मोठ्या पट्ट्यात वजनाने सुमारे ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा, असं २०१८ च्या अभ्यासात आलं. तेव्हापासून जो तो आम्हाला ऐकवतो. खरं आहे ते, मी नाकारत नाही. पण जाळं तुटलं की माझं पोट तुटतं, मी ते हौसेने टाकत नाही. खडकात अडकतं, मोठं जहाज वरून जातं आणि कापतं. फाटकं जाळं मी किनाऱ्यावर आणलं तर घ्यायला कुणी नाही. बंदरात त्याला जागा मागितली, वर्ष झालं, उत्तर नाही. तुमच्या मोहिमेत मला बोलावतात ते फोटोत टोपी दिसावी म्हणून.

भरतीरेषा साहेब, लोकांना लांब ठेवून काय होतं तेही सांगतो. ब्रिटनने २०१० मध्ये हिंदी महासागरातल्या छागोस बेटांभोवती प्रचंड मोठं राखीव क्षेत्र जाहीर केलं. तिथल्या माणसांना आधीच हाकललेलं होतं, त्यांना विचारायचा प्रश्नच ठेवला नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ते सागरी कायद्याच्या विरुद्ध ठरवलं. दुसरीकडे मेक्सिकोतलं काबो पुल्मो बघा. मच्छीमार घरांनीच पुढाकार घेतला, १९९५ मध्ये संरक्षण मिळालं, आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. राखण कुणी केली? त्याच घरांनी.

भरतीरेषा:
काबो पुल्मोत शास्त्रज्ञही गावकऱ्यांबरोबर होते, हे विसरू नका. तरीही मान्य करतो, नाइलाजाने म्हणा हवं तर: तिथे नुसत्या सरकारी पहाऱ्यावर मासा परतला नसता. 'लांब ठेवा' हा शब्द मी मागे घेतो. घरट्यांच्या हंगामात मात्र त्या पट्ट्यात दोरी लागेल आणि आत कुणी जाणार नाही, मोहीमवाले नाहीत, मच्छीमार नाहीत आणि मीही नाही. यावर मी हटणार नाही.

रविवारी सकाळी:
दोरी लावा. कुठून कुठपर्यंत ते आधी सांगा, नंतर ओरडू नका. शेवाळ मी यापुढे फावड्याने ओढणार नाही, बाटल्या आणि काच हाताने वेचेन. उधाण यांनी मला ज्या सुरात समजावलं तो अजिबात आवडला नाही, पण ग्रुनियनचं मला खरंच माहीत नव्हतं.

खाडीकाठ:
धागा मी जनसुनावणीवर काढला होता, तो शेवाळात रुतला. पुन्हा विचारते. एक्सॉन व्हाल्डीझ या तेलवाहू जहाजातलं तेल १९८९ मध्ये अलास्कात सांडलं, त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेच्या कायद्याने किनाऱ्यावरच्या नागरिकांची परिषद बंधनकारक केली. तिचा खर्च तेलधंद्याने द्यायचा, आणि परिषदेने स्वतःचे तज्ज्ञ नेमून तपासणी करायची. माझ्या वडिलांना तीन मिनिटं मिळाली होती. त्या सहाशे पानांतला वाळूचा हिशेब तपासून द्यायला त्यांच्या बाजूने एखादा अभियंता असता तर ती सुनावणी कशी झाली असती?

भरतीरेषा, तुम्ही अहवाल वाचू शकता. आमच्याच किनाऱ्यावर धक्का आणखी लांब करायचा घाट घातलाय, सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. तारीख लागली की येणार का?

भरतीरेषा:
वाळूचं सरकणं हा माझा विषय नाही, पक्ष्यांचा भाग वाचून देईन. वाळूसाठी माहितीतल्या एकाला विचारतो. कचेरीत बसून वाचायचं असेल तर दोन दिवस लागतील. प्रतीची छायाचित्रं काढू देतात का, ते आधी विचारून ठेवा.

जाळंविणकर:
आणि सुनावणी ओहोटीच्या वेळेला मागा. तेव्हा होड्या बाहेर पडत नाहीत.