कार्पेंटर्स : कॅरनच्या मरणापलीकडे कुणी बोलतं का?

रेघोटी :
परवा रात्री काम करताना आपोआप लागणाऱ्या गाण्यांत कार्पेंटर्स या अमेरिकन भाऊ-बहिणीच्या जोडीचं 'सुपरस्टार' लागलं आणि मी जी थांबले ती थांबलेच, चार दिवस दुसरं काही ऐकलेलं नाही. मग वाचायला घेतलं तर जिथे तिथे तेच, कॅरन १९८३ मध्ये ३२ व्या वर्षी गेली, अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे खाणंच तुटवणारा आजार, विषय संपला. भाऊ रिचर्ड म्हणजे पियानोवर बसलेला कुणीतरी. गाण्यांबद्दल बोलणारं आहे का कोणी इथे? आणि तेव्हाचे समीक्षक एवढी नाकं का मुरडायचे? मला गुळचट वगैरे अजिबात वाटलं नाही.

तबकडी :
नाकं मुरडली कारण काळच तसा होता हो. १९७० साली सगळीकडे कर्कश गिटारी, लांब केस, व्हिएतनामविरोधी मोर्चे, आणि त्यात ही कॅलिफोर्नियाच्या डाउनीमधली इस्त्रीचे कपडे घातलेली भावंडं. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनने व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावलं, मग तर सरकारी सोज्वळपणाचा शिक्काच बसला. पण 'क्लोज टू यू' चार आठवडे पहिल्या नंबरवर होतं, लोक ऐकतच होते. गंमत म्हणजे पहिला नंबर तीनदाच मिळाला आणि दुसऱ्या नंबरवर तब्बल पाच गाणी अडकली!
रिचर्डबद्दल म्हणाल तर अर्धं काम त्याचंच. गाणी निवडणं, अरेंजमेंट, सगळं. मागे जो मोठा कोरस वाटतो ना, ती ही दोघंच, स्वतःचे आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक रेकॉर्ड केलेले. आणि बहिणीचा आवाज खालच्या पट्टीत जास्त भिडतो हे ओळखून तो गाणी तशीच बसवायचा. 'सुपरस्टार'मध्ये मूळ शब्द जरा जास्तच धीट होते, तेही त्यानेच बदलले. आपण ऐकतो तो कॅरनचा पहिलाच टेक, म्हणजे पहिल्याच प्रयत्नातलं रेकॉर्डिंग आहे, तोही नॅपकिनवर लिहिलेले शब्द वाचून गायलेला, असं रिचर्डनेच सांगितलंय.

ठेका_चुकला :
एक गोष्ट कोणीच बोलत नाही, कॅरन मुळात ड्रमर होती!! शाळेच्या बँडमध्ये आधी ग्लॉकनस्पील (छोट्या काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्या) हातात दिलं होतं, ते तिला आवडेना, मग ड्रम्स घेतले आणि सुटलीच. १९६६ ला हॉलिवूड बोलची बँड स्पर्धा भावाच्या ट्रिओने, म्हणजे तिघांच्या बँडने जिंकली तेव्हा ती ड्रम्सवरच होती. मग गाणी हिट झाली आणि सगळे म्हणायला लागले पुढे ये, माइक धर, ड्रम्समागे दिसत नाहीस, आणि रेकॉर्डिंगला बरेचदा स्टुडिओतला ड्रमर हॅल ब्लेन वाजवायला लागला. तो बाप माणूस होता, प्रश्नच नाही, पण त्यांचा 'नाऊ अँड देन' अल्बम ऐका, त्यात बहुतेक ड्रम्स तिचेच आहेत. मला तर वाटतं तिला ड्रम्समागून उठवलं तिथेच काहीतरी बिनसलं. असो, हे माझं मत.

तबकडी :
@ठेका, मत पटलं नाही, तो आवाज पुढे आणायलाच हवा होता. पण हळहळ कळते.
@रेघोटी, 'गुडबाय टू लव्ह' ऐका (१९७२). संथ, रडवेलं गाणं चाललंय आणि मधेच गिटारिस्ट टोनी पेलुसोची फझ गिटार, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, घुसते. सभ्य चाहते एवढे खवळले की चिडून पत्रं पाठवली होती म्हणे, आणि आता त्याच सोलोचं कौतुक होतं.

रेघोटी :
आत्ताच ऐकलं. दोनदा. शेवटची गिटार बाप रे. आता ड्रम्सकडेही लक्ष देते. आणि तिच्या एकटीच्या अल्बमचं काय झालं होतं?

ठेका_चुकला :
१९७९ ला रिचर्ड झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर यायला उपचार घेत होता, तेव्हा तिने न्यूयॉर्कला निर्माता फिल रमोनबरोबर सुरू केला. डिस्को वगैरे, मोकळी गाणी. तयार झाला पण रिचर्डला आणि कंपनीच्या लोकांना रुचला नाही, ठेवला गुंडाळून. १९९६ ला बाहेर आला, ती जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. सगळाच भारी नाही, काही गाणी फसलीयत, पण ती जरा हसत गातेय असं वाटतं.

तबकडी :
आणि सॉनिक यूथसारख्या कर्कश रॉक बँडने १९९४ च्या, कार्पेंटर्सना मानवंदना म्हणून इतरांनी केलेल्या ट्रिब्यूट अल्बममध्ये 'सुपरस्टार' केलंय, तेही ऐका. नाकं मुरडणाऱ्यांच्याच गोटातली पोरं ती. फक्त रात्री एकट्याने नको, अंगावर येतं.