सनफिश गांडूळ पळवतात, गळाला लागत नाहीत

गळकरी: अमेरिकेतलं रॅले, न्यूस नदी. सनफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे चपटे मासे, धरायचेत. जेवणाच्या सुट्टीत ४० मिनिटं मिळतात. तरंगा सारखा नाचतो, पण आमिष गायब! गळ ४ नंबरचा.

डोहवाला: गळ मोठा आहे, सनफिशचं तोंड चिमुकलं. १० नंबरचा लांब दांड्याचा घ्या (नंबर मोठा तसा गळ लहान), ४ पौंड ताण सोसणारी दोरी, गळाच्या ६ इंच वर एकच बारीक शिसं. गांडूळ अर्धा इंचच लावा. लोंबतं टोक तेवढं तोडून नेतात.

काठावरचा: भर दुपारी उघडं पाणी सोडा. पडलेलं झाड, खडकामागचं संथ पाणी बघा. दहा मिनिटांत टोच नाही तर हला पुढे. तरंगा करवंदाएवढाच, मोठ्याची ओढ जाणवली की मासा सोडतो.

डोहवाला: गळ गिळला तर उपसू नका, दोरी कापा. पाठीचे काटे डोक्याकडून शेपटीकडे दाबत धरा. आणि परवाना? मासा सोडणार असलात तरी लागतोच.