मदत हवी आहे : जुन्या एस्टीमला हायलमचा मॅनिफोल्ड स्पेसर बसवू का? आपल्याकडच्या उन्हात फरक पडेल?

सावदेकर (१२ मे, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. गाडी एस्टीम, २००३ची, पेट्रोल, एमपीएफआय (इंजेक्टरवाली), १२९८ सीसी. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा सल्ला कृपया कोणी देऊ नका, तो घरात रोज मिळतो.

माझं सावद्याला कृषी केंद्र आहे. आठवड्यातून दोन-तीनदा भुसावळ, जळगाव होतं. मार्च संपला की गाडीचं वागणं बदलतं. सकाळी सातला अर्ध्या सेल्फला उठते. दुपारी भुसावळात दहा-पंधरा मिनिटं उन्हात उभी केली की मग सेल्फ मारत बसा. उठलीच तर दोन-तीन मिनिटं कापते, एसी लावला की मान टाकते. अर्धा तास थांबलो तर मात्र काही झालंच नाही अशी चालते. आणि एकूणच उन्हाळ्यात पिकअप कमी. आखाजीला बहिणीला आणायला चाळीसगावहून कन्नडचा घाट चढलो, एसी बंद करून दुसऱ्या गिअरवर. मागे उसाचा ट्रॅक्टर असता तर त्यानेही हॉर्न दिला असता.

नेटवर बाहेरच्या देशातले लोक हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्या) यांच्या मधे फिनॉलिकचा, म्हणजे आपल्या हायलमचा, जाड तुकडा बसवतात ते पाहिलं. हेडची उष्णता मॅनिफोल्डमध्ये चढत नाही, हवा गार राहते, गार हवा म्हणजे दाट हवा, म्हणजे ताकद. आपल्याकडे ४५ अंश असतं, तर आपल्याला याची जास्त गरज, असं माझं गणित.

या गाडीसाठी तयार किट मिळालं नाही. जळगाव एमआयडीसीत एक जण गॅस्केटवरून (पॅकिंगवरून) १० मिमी हायलम कापून द्यायला तयार आहे. माझे प्रश्न असे : जाडी किती ठेवू? कागदी हायलम चालेल की कापडी? पॅकिंग एका बाजूला की दोन्ही? आणि गॅस्केटवर हवेच्या भोकांशिवाय पाण्याचंही भोक दिसतंय, ते स्पेसरमध्ये पाडायचं की बंद करायचं? आमचे मिस्तरी म्हणतात बंद करून टाक, गाडी गार राहील. मला ते पटत नाही, म्हणून इथे विचारतोय.

धुळे१८ (१२ मे, रात्री १०.१५)

भाऊ, पाण्याचं भोक बंद करू नका! आधी हेच लिहितो, बाकीचं सकाळी. गॅरेज आताच बंद केलंय.

जिप्सीप्रेमी_नंदुरबार (१२ मे, रात्री ११.०२)

मी माझ्या जिप्सीला ८ मिमीचा बसवलाय, दोन वर्षं झाली. तोरणमाळला चढताना फरक कळतो. बिनधास्त बसवा. दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग, स्टड (मॅनिफोल्ड धरणारे बोल्ट) स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब घ्या, बस.

लोकोशेड_निवृत्त (१३ मे, सकाळी ६.२०)

सावदेकर, तुमचा मिस्तरींवरचा अविश्वास योग्य आहे. पण स्पेसरवरचा विश्वासही जरा तपासू.

बॉनेट उघडा आणि रेडिएटरचा वरचा होज कुठे जातो ते बघा. या इंजिनात तो मॅनिफोल्डलाच जातो. थर्मोस्टॅटचं (पाणी तापलं की वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर मॅनिफोल्डवर आहे. म्हणजे हेडमधून तापलेलं पाणी त्या भोकातून मॅनिफोल्डमध्ये येतं आणि तिथून रेडिएटरकडे निघतं. ते भोक बंद केलं तर इंजिनातून पाणी बाहेर पडायची वाटच बंद झाली. मग गाडी गार राहणार नाही, हेड गॅस्केट उडेल.

आता दुसरी गोष्ट. स्पेसर धातूतून चढणारी उष्णता अडवतो, आणि ते काम तो उत्तम करतो. ॲल्युमिनियमच्या तुलनेत फिनॉलिक उष्णता काहीशे पटीने कमी वाहून नेतं. पण तुमच्या मॅनिफोल्डच्या पोटातूनच ८०-८५ अंशांचं पाणी फिरतंय. पुढचं दार बंद करून चोर घरात ठेवल्यासारखं होईल. ज्या इंजिनांचे मॅनिफोल्ड कोरडे असतात, म्हणजे पाणी त्यातून जात नाही, तिथे हा उपाय अर्थ ठेवतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना मॅनिफोल्डच प्लास्टिकचा असतो, तिथे तर प्रश्नच मिटला.

आणि चालत्या गाडीचा हिशोब करा. १२९८ सीसी, ३००० आरपीएम, चार स्ट्रोक. दर दोन फेऱ्यांना एकदा इंजिन भरतं आणि पूर्ण भरत नाही, साधारण ८० टक्के धरा. सेकंदाला पंचवीसेक लिटर हवा जाते. मॅनिफोल्डच्या पोटात दोन-तीन लिटर मावते. म्हणजे हवा तिथे सेकंदाचा दहावा भाग थांबते. तेवढ्यात ती किती तापणार? तापते, पण थोडी. ४५ अंशांच्या हवेत दर ३ अंशांना घनतेत साधारण १ टक्का फरक पडतो. ८५ अश्वशक्तीतला १ टक्का म्हणजे एक घोडाही नाही, तट्टू म्हणा.

४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा ६ टक्के पातळ असते. तो मे महिन्याचा कर आहे. तो हायलमने माफ होत नाही.

धुळे१८ (१३ मे, सकाळी ९.५०)

काकांनी सगळंच लिहिलं, मी हाताचं काम लिहितो. एवढं वाचूनही कोणी बसवणारच असेल (बसवणारे असतातच) तर त्यांच्यासाठी.

कागदी हायलम घेऊ नका. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तेच मिळतं, पण गरम कूलंटच्या कडेला ते फुगतं आणि थर सुटतात. कापडी घ्या. दोन्ही तोंडं काचेसारखी सपाट हवीत, करवतीने कापून कानशीने घासलेलं चालत नाही. पॅकिंग दोन्ही बाजूंना. सिलिकॉन थापू नका, जास्तीचं आत लोंबतं आणि कूलंटच्या वाटेत जाऊन बसतं.

स्टड लांब केले तरी काम संपत नाही. मॅनिफोल्ड १० मिमी बाहेर आला की त्याच्या खालचा आधाराचा ब्रॅकेट जुळत नाही, ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते, होज ओढले जातात. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) मॅनिफोल्डमध्ये असतील तर रेलसकट (त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीसकट) सगळं सोबत सरकतं. हेडमध्ये असतील तर रेल अडते. ब्रॅकेट सोडून देणारे मिस्तरी पाहिलेत, मग सगळं वजन स्टडवर लटकतं आणि सहा महिन्यांत पॅकिंग फुंकतं.

टॉर्क पान्यानेच आवळा, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला. हायलम गरम-थंड होऊन दबतं, म्हणून तीन-चार दिवस गाडी चालवली की थंड इंजिनावर परत एकदा आवळायचं. हे कोणी करत नाही. मग फटीतून हवा ओढून गाडी हंटिंग करायला लागली (आरपीएम वर-खाली व्हायला लागला) की माझ्याकडे येतात. स्पेसर शे का भोंगा शे, काय कळत नाई, नुसती शिटी वाजते.

कामाआधी इंजिन थंड, कूलंट काढलेलं, पेट्रोलचं प्रेशर सोडलेलं हवं. हवा गळते का ते बघायला कार्ब क्लीनर मारतात. गरम इंजिनावर ते पेटू शकतं. मी साध्या पाण्याचा बारीक फवारा मारतो. आवाज बदलला की तिथेच फट आहे.

पण सावदेकर, तुमचं दुखणं मला हवेचं वाटतच नाही. दहा मिनिटांनी उठत नाही आणि अर्ध्या तासाने उठते, हे पेट्रोलचं लक्षण आहे. उद्या दुपारी एक करा. उठत नसेल तेव्हा सेल्फ मारायचा नाही. चावी नुसती ऑन करा, मागे पंपाचा घुंऽऽ आवाज दोन सेकंद येईल, ऑफ करा. असं तीन-चार वेळा. मग सेल्फ. काय होतं ते इथे लिहा.

जिप्सीप्रेमी_नंदुरबार (१३ मे, दुपारी १२.३०)

काका, तुमचं गणित मान्य. पण मला फरक जाणवला तो खोटा का?

लोकोशेड_निवृत्त (१३ मे, दुपारी १.०५)

खोटा म्हणत नाही. स्पेसर बसवताना अजून काय काय केलंत?

जिप्सीप्रेमी_नंदुरबार (१३ मे, दुपारी १.२०)

प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ... बरं बरं, समजलं.

चोपड्याचा_पुण्यात (१३ मे, दुपारी ४.१०)

विषयांतर, पण ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचंही बघा. २००३च्या गाडीतलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. टाकीपासून रेलपर्यंतचे होज एकदा दाबून बघाच, कडक झालेत की चिकट झालेत.

सावदेकर (१५ मे, रात्री ८.३०)

दोन दिवस लागले, कारण बहीण घरी आहे आणि गाडी तिच्या मुलांच्या ताब्यात.

धुळेभाऊ, तुम्हाला भरीत पार्टी लागू. भुसावळात पावणेदोनला भर उन्हात बारा मिनिटं उभी केली. चावी चार वेळा ऑन-ऑफ केली, मग सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात उठली, थोडीशी कापली आणि सरळ झाली. मी येडबंबू तिथे एकटाच हसत होतो, शेजारचा रसवंतीवाला बघत राहिला.

काका, वरचा होज मॅनिफोल्डलाच जातो, बरोबर. तापमानही मोजलं. आधी कोरोनातली बंदूक लावली, ती ४३ च्या वर नुसतं ‘हाय’ दाखवते. मग मित्राच्या केळी पिकवायच्या चेंबरमधून वायरवाला थर्मामीटर आणला. इंजिन तापल्यावर मॅनिफोल्ड हेडजवळ ८४, लांबच्या टोकाला ७१. तुमच्या पाण्याच्या हिशोबाशी जुळतंय.

मग तीच वायर एअर फिल्टरच्या डब्यात सोडली. बाहेर ४३ होतं. डब्यात फाटकावर थांबलो तेव्हा ६४! चालत्या गाडीत ५५ च्या खाली येतच नाही. हे इतकं कसं?

लोकोशेड_निवृत्त (१५ मे, रात्री ९.००)

शाब्बास. आता डब्याचं तोंड कुठे आहे ते बघा. त्याला पुढे ग्रिलकडे जाणारा पाइप आहे का?

सावदेकर (१५ मे, रात्री ९.२५)

टॉर्च घेऊन बघून आलो. पाइप नाही. डब्याचं तोंड उघडंच आहे आणि रेडिएटरच्या फॅनच्या मागे येतं. चार-पाच वर्षांपूर्वी पुढून ठोकली होती, तेव्हा डेंटिंगवाल्याने काढला असणार आणि लावलाच नाही.

लोकोशेड_निवृत्त (१५ मे, रात्री ९.४०)

म्हणजे इंजिन इतकी वर्षं रेडिएटरचा उच्छ्वास ओढतंय. ५५ च्या जागी ४५ ची हवा मिळाली तर ३ टक्के तिथेच सुटले. कोणत्याही स्पेसरने एवढे दिले नसते.

पाइप भंगारात मिळेल. नाही मिळाला तर रबरी होज घ्या. पीव्हीसी पाइप लावू नका, जळगावात तो पावलापावलावर मिळतो म्हणून सांगतोय. बॉनेटखालच्या गरमीत तो मऊ पडतो. तोंड ग्रिलच्या मागे ठेवा, पण खाली बंपरकडे नको. पावसाळ्यात नाल्याचं पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

आणि थर्मोस्टॅट आत आहे का, तेही बघून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात तो काढून फेकायची पद्धत आहे. थर्मोस्टॅट नसलेली गाडी हिवाळ्यात तापायला फार वेळ घेते, तोवर पेट्रोल जास्त पिते.

धुळे१८ (१६ मे, सकाळी १०.१०)

पंपाचं लिहितो. गाडी बंद केल्यावर रेलमध्ये प्रेशर टिकलं पाहिजे. पंपात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पेट्रोल मागे जाऊ देत नाही. तो गळायला लागला की प्रेशर पडतं, आणि तापलेल्या रेलमध्ये पेट्रोलची वाफ होते. प्रेशर असेल तर त्याच गरमीत वाफ सहज होत नाही, कुकरमधल्या पाण्यासारखं. तुम्ही चार वेळा चावी फिरवून तेच प्रेशर परत भरलंत.

पण लगेच पंप बदलू नका. रेग्युलेटर (रेलमधलं प्रेशर सांभाळणारा) किंवा एखादा इंजेक्टर गळत असला तरी लक्षण असंच दिसतं. रेलला गेज लावून घ्या. चालू गाडीत अडीच ते तीन किलोच्या आसपास दिसेल. बंद केल्यावर काटा झरझर खाली आला तर परतीचा होज चिमटीने दाबायचा. काटा थांबला तर रेग्युलेटर. नाही थांबला तर पंपाकडून येणारा होज दाबा, तेव्हा थांबला तर पंप. दोन्हीला नाही थांबला तर इंजेक्टर. होज जुने आहेत, चिमटीत कापड घाला.

सावदेकर (२४ मे, रात्री ९.१५)

उशिराबद्दल माफी, बियाण्यांचा सीझन सुरू झालाय, दुकानात उभं राहायला जागा नाही.

गेज लावलं. पंपाकडून येणारा होज दाबल्यावर काटा थांबला, म्हणजे पंप. बदलला. होजही बदलले, चोपडेकर, एक तर बोटाने दाबताच चिरला. भंगारातून पाइपही मिळाला, अडीचशे रुपयांत, थोडा कापून बसवला. डब्यातली हवा आता चालत्या गाडीत ४६-४७. दुपारची सुरू होण्याची कटकट गेली.

पिकअपचं खरं सांगायचं तर थोडं सुधारलं, फार नाही. घाटात एसी लावला की अजूनही तिसरा टिकत नाही. मिस्तरी म्हणतात कॉम्प्रेशन तपासू. एमआयडीसीवाल्याला फोन करून हायलम रद्द केलं. “कसाले रद्द करस बापा, प्रोग्रॅम बनाई टाका” म्हणाला. चहापाण्याचे दोनशे देऊन आलो.

वरणगावकर (२५ मे, सकाळी ११.३०)

धागा वाचून विचारतो. माझ्याकडे जुनी कार्बोरेटरवाली ८०० आहे. दुपारी असाच त्रास. मग मलाही स्पेसर नको का?

लोकोशेड_निवृत्त (२५ मे, दुपारी १२.१०)

तुमचं उलट आहे. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उघडं असतं, तिथे दाब नाही. गाडी बंद केली की खालून चढणारी उष्णता ते पेट्रोल उकळवते, आणि उकळलेलं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये सांडून इंजिन ओलं होतं. तिथे उष्णता अडवणारा तुकडा हवाच, आणि कार्बोरेटरच्या बुडाशी काळा बेकेलाइटचा तुकडा असायला हवा. तो आहे का बघा. असेल तर तडा गेलाय का, आवळून आवळून वाकलाय का ते काचेवर ठेवून तपासा. त्या जागी ॲल्युमिनियमचा तुकडा किंवा नुसतं जाड पॅकिंग असेल तर तुमचा आजार तोच.

आणि दुपारी सुरू करताना ॲक्सिलरेटर पंप करू नका. पाय पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, ओलं झालेलं इंजिन हवेने सुकतं.

वरणगावकर (२५ मे, दुपारी २.४५)

बघितलं. काळा तुकडा नाही. पत्र्याचे दोन वॉशर आणि पुठ्ठ्याचं पॅकिंग आहे. हा आमच्याच हातचा उद्योग, २०१९ मध्ये कार्बोरेटर उतरवला होता तेव्हाचा. तुकडा शोधायला आजच भुसावळला निघतो, ऊन उतरल्यावर.