विषय: जुन्या मर्सिडीजचा गिअर लिव्हर ढिला पडला आहे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

माझ्याकडे १९८३ सालची मर्सिडीज २४० डी ही ऑटोमॅटिक गाडी आहे. गेल्या हिवाळ्यापासून तिचा गिअर लिव्हर हाताला पोकळ लागतो. तो ‘पी’वर (पार्किंगवर) नेला तरी पुष्कळदा स्टार्टर फिरत नाही, आणि तोच जरा पुढे रेटून धरला की गाडी मुकाट्याने सुरू होते. एकदा सुरू झाल्यावर मात्र चालण्यात काही दोष जाणवत नाही. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून पाहावा लागेल असे सांगितले आहे. तो खर्च गाडीच्या किमतीला भिडेल, म्हणून होकार देण्यापूर्वी जाणकारांचे मत विचारत आहे.

आपला,
ऍन आर्बरचा एक सभासद

उत्तर १

स. न. वि. वि.

होकार देण्याची घाई करू नये. चालत्या गाडीचे गिअर नीट बदलत असतील, तर दोष गिअरबॉक्सच्या पोटात नसून लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या रॉडच्या टोकांशी असण्याची शक्यता अधिक आहे. तिथे दोन्ही टोकांना प्लास्टिकचे छोटे बुश, म्हणजे रॉडच्या भोकात बसणाऱ्या आणि पिनेला घट्ट धरणाऱ्या कड्या, असतात. चाळीस वर्षांच्या उष्णतेने आणि तेलकट मळाने ते ठिसूळ होऊन झडतात, यात गाडी बनवणाऱ्याचा दोष काढता येणार नाही. बुश गेला की रॉडच्या भोकात पिन नुसती खेळते, त्यामुळे लिव्हर ‘पी’वर पोहोचलेला दिसतो, पण गिअरबॉक्सवरची दांडी अलीकडेच राहते. स्टार्टरला परवानगी देणारा स्विच गिअरबॉक्सवर असल्याने तो या दांडीवर विश्वास ठेवतो, आपल्या डोळ्यांसमोरच्या अक्षरावर नाही.

म्हणूनच दुरुस्ती होईपर्यंत केवळ ‘पी’च्या भरवशावर गाडी सोडू नये, पायाचा पार्किंग ब्रेक दर वेळी दाबावा. हा धोका जुन्या गाड्यांपुरता नाही. २०२२ मध्ये फोर्डने शिफ्ट केबलच्या अशाच एका बुशासाठी अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण तो निसटल्यास उभी केलेली गाडी घरंगळू शकत होती.

काम घरी होण्यासारखे आहे. मी माझ्या ३०० डीवर ते दोनदा केले. दोनदा अशासाठी, की पहिल्या खेपेस नवा बुश हातोडीने ठोकायला गेलो आणि त्याची कड फोडून बसलो. बुश काही मिनिटे कडक गरम पाण्यात ठेवावा, म्हणजे तो नरम होतो. मग भोकाच्या एका बाजूस बुश, दुसऱ्या बाजूस त्याहून मोठ्या तोंडाचा पाना-सॉकेट धरून सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या पकडीने) सावकाश दाबावा. कड पलीकडे गेल्याचा टचकन आवाज येतो. पिनेला थोडे ग्रीस लावून मगच रॉड बसवावा. पिनेवर रॉड अडकवून ठेवणारी क्लिप काढताना खाली फडके अंथरावे, कारण ती उडाली की सापडत नाही.

गाडीखाली शिरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. रॉड सुटल्यावर गिअरबॉक्सची दांडी हाताने हलते, आणि ती चुकून ‘पी’तून निघाली तर मागची चाके मोकळी होतात. तेव्हा सपाट जमीन, पार्किंग ब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी आणि भक्कम स्टँड, हे चारही हवेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. इंजिन अर्थातच गार असावे.

आपला,
नोव्हायचा एक जुना सभासद

उत्तर २

काकांस सा. न.

आपल्या सांगण्याप्रमाणे शनिवारी काम केले. पुढच्या टोकाचा बुश जवळजवळ नाहीसाच झाला होता, मागच्याचे तुकडे चिमट्याने काढावे लागले. लिव्हर आता घट्ट आहे आणि स्टार्टर पहिल्याच झटक्यात फिरतो. फक्त ‘एन’वर (न्यूट्रलवर) असताना लिव्हर खाचेच्या कडेला टेकून राहतो. हे असेच सोडून द्यावे का?

उत्तर ३

सोडू नये. पूर्वी कुणीतरी झिजलेल्या बुशावरच रॉडची लांबी जुळवून घेतली असावी. रॉड एका टोकाने सोडवून गिअरबॉक्सची दांडी आणि लिव्हर दोन्ही ‘एन’वर ठेवावेत, आणि लिव्हर व ‘एन’ची कड यांत साधारण १ मि.मी. फट राहील इतकी लांबी जुळवून नट आवळावा. त्यानंतर ब्रेक दाबून ‘पी’ आणि ‘एन’ या दोन्हींत गाडी सुरू होते, आणि ‘आर’ (रिव्हर्स) व ‘डी’त (ड्राइव्ह) स्टार्टर अजिबात फिरत नाही, एवढे तपासून घ्यावे. पाचरी तेव्हाही लावाव्यात.