फौजींचा नाच आणि तुंबलेला इनबॉक्स (अनुभव धागा)

खिडकीतली_मनी: काल भांडी घासताना लेकाने मोबाईलवर 'अमारिलो' लावलं आणि हातातलं पातेलं हातातच राहिलं. 2005, आम्ही इंग्लंडात रेडिंगला. त्या मार्चमध्ये पीटर के या ब्रिटिश विनोदवीराने कॉमिक रिलीफ या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी टोनी ख्रिस्ती या गायकाच्या याच 1971च्या गाण्यावर नुसते ओठ हलवत, हात झुलवत चालायचा व्हिडिओ केला होता. सात आठवडे तेच गाणं एक नंबरवर, दुकानात शिरलं तरी तेच. मग मेमध्ये इराकमध्ये अल फावला असलेल्या रॉयल ड्रॅगून गार्ड्स या ब्रिटिश पलटणीच्या पोरांनी त्याची नक्कल केली. तस्सेच हात झुलवत, पण वाळूत! यूट्यूब नुकतंच रांगत होतं, सगळा कारभार इमेलवर. ब्रिटिश संरक्षण खात्यात जो तो पुढे ढकलत सुटला आणि त्यांची यंत्रणाच बसली.

आमच्या घरमालकिणीचा भाचा तिकडे होता. तिने चारदा बघितलं, चेहऱ्याचेहऱ्याला थांबवून. तो नव्हताच त्यात. (नंतर सुखरूप आला.)

तुमचेही येऊ द्या असले किस्से.

सोलापुरी_चादर: आठवतंय की! ती फाईल आली, माझा मेलबॉक्स भरला आणि क्लायंटची मेल उलटी गेली. युद्ध तिकडे, शहीद मी इकडे.

फौजीची_बायको: आमच्या युनिटच्या बड्या खान्याला (सगळ्या पलटणीची मेजवानी) दोन जवान लावणी करायचे. नऊवारी माझी. परत आली तेव्हा काष्ट्याला ग्रीस. सीओ साहेब (युनिटचे प्रमुख) पहिल्या रांगेत शिट्ट्या मारत होते, पण पुरावा नाही, कॅमेरे बंद. जुलै 2020मध्ये सैन्याने 89 अॅप काढायला लावली तेव्हा तर ह्यांचं फेसबुकही गेलं. मला शांतता.

खिडकीतली_मनी: नऊवारीचा रंग कोणता गं?

फौजीची_बायको: हिरवा. दुसरा कुठला असणार 😄

कुजकट_काका: सगळंच गोड नसतं. 2010मध्ये वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन या पॅलेस्टिनी शहरात इस्रायली सैनिक गस्तीवर असताना केशा या अमेरिकन गायिकेच्या गाण्यावर नाचले. आधी अजान ऐकू येते, मग गाणं. जग हसलं. त्या गल्लीत राहणाऱ्यांना हसू आलं असेल का?

सोलापुरी_चादर: काका, मुद्दा बरोबर आहे. मी तो बघून हसलो होतो. गल्लीकडे लक्षच गेलं नव्हतं.

टपरीवरचा_चहा: त्याच वर्षी अफगाणिस्तानातल्या अमेरिकन सैनिकांनी लेडी गागाच्या 'टेलिफोन' गाण्यावर नाच केलेला ना? आमच्या हॉस्टेलवर गॅदरिंगला आम्ही त्याची नक्कल केली. नकलेची नक्कल. बक्षीस नाही, पण रेक्टरने बोलावून घेतलं. पुढचं नंतर लिहितो, कुकर झालाय.

आळूवडी: मी अजून हसतेय. ड्रॅगूनवाल्यांनी अमारिलोचं 'आर्मडिलो' केलं होतं. तो खवल्यांचा प्राणी! मी आधी तेच बघितलं, त्यामुळे मूळ गाणंच कित्येक वर्षं प्राण्याचं वाटायचं.

(अवांतर) मनी, रेडिंगला तेव्हा कढीपत्ता कुठून आणायचात?

खिडकीतली_मनी: साऊथॉल, लंडनमधली देशी वस्ती! महिन्यातून एकदा, ट्रेनने. धुऊन पुसून फ्रीजरमध्ये.

फौजीची_बायको: फ्रीजरमध्ये काळा नाही पडत?